नेटवाल्या पोरीची पक्कड

पक्कड कधी बोलते का, असं म्हणाल. नाही बोलत. बोलता आलं असतं तर खंडेनवमीच्या दिवशी मी अशी काही बोंब ठोकली असती की अख्खा दवाखाना गोळा झाला असता. तेव्हा मुकी राहिले. आता बोलून कोणाचं काही भलं होणार नाही, हे मलाही कळतं. पण अंगावर गंज चढायला लागलाय, जबडा नीट मिटत नाही. तो पुरता अडकायच्या आत एकदा बोलून घेते.

खिळे उपटायची पक्कड वेगळी आणि मी वेगळी. दुकानाच्या बिलावर माझं नाव क्रिम्पिंग टूल असं होतं, पण माझ्या मालकिणीच्या, म्हणजे आचलच्या आईने, गोपिकाबाईने, मला पाहताच पक्कड म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. नेटच्या वायरीला टोक बसवायचं हे माझं काम. वायर सोलली की आत आठ रंगीत तारा निघतात. त्या ठरलेल्या क्रमाने सरळ करायच्या, प्लास्टिकच्या पारदर्शक टोपीत घालायच्या, टोपी माझ्या जबड्यात धरायची आणि मूठ दाबायची. कट्ट! झालं काम. एक तार जरी इकडची तिकडे गेली तरी सगळं ठप्प. आचलच्या हातून ती कधी गेली नाही. बोटं मळलेली असायची तिची, पण चुकायची नाहीत.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला कोण जाणे. जाग आली ती वर्ध्याच्या बाजारातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात, खिळ्याला टांगलेल्या पाकिटात. समोरून लोक जायचे, माउस घ्यायचे, पेनड्राइव्ह घ्यायचे, माझ्याकडे कोणी बघायचं नाही. मग एका उन्हाळ्यात पुंडलिकराव आला. समुद्रपूरकडचा भाजीपाला पिकवणारा माणूस. वांगी, टमाटे आणि दसऱ्यासाठी झेंडू. सोबत त्याची मुलगी आचल. नेटवर्किंग शिकून नुकतीच कामाला लागलेली.

विळा घ्यावा तसं त्याने मला हातात तोललं, मूठ उघडझाप करून पाहिली, पात्यावर अंगठा फिरवला.

"हे कोण्या पिकाले लागते वो पोरी?"

"बाबा, वायरीले टोक लावतात याच्यानं," आचल हसत म्हणाली. "पिकाले कायले लागन?"

"मंग मजबूत पाहून घेजो. औजार हलकं असलं का काम हलकं."

आणि त्याने मला घेतलं. दुकानाबाहेर आल्यावर मात्र त्याचा चेहरा बदलला. बसस्टँडवर उसाचा रस पिता पिता तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत पाहू आचल. नोकरी पक्की झाली तं खुशाल राह्य इकडं, मी कोणाले बोलू नाई देणार. नाई झाली, तं घरी ये. मंग तुया मामानं आणलेल्या स्थळाले मी नाई म्हणू शकत नाई. कितीक वेळा म्हणू?"

आचल म्हणाली, "होईन पक्की बाबा. तुम्ही पाह्यजा." आणि अर्धा ग्लास तसाच ठेवून तिने माझं पाकीट पिशवीत नीट खाली सरकवलं.

तर असा आमचा संसार सुरू झाला. प्रेमदास सरांची छोटी एजन्सी होती. वर्ध्यातल्या दवाखान्यांचं, शाळांचं, दुकानांचं नेट सांभाळायची. आचलच्या वाट्याला बोरगाव मेघेच्या रस्त्यावरचा एक मोठा खाजगी दवाखाना आला. गळ्यातल्या कार्डावर ज्युनिअर नेटवर्क इंजिनिअर असं छापलेलं. गोपिकाबाई गावात सांगायची, पोरगी खुर्चीवर बसून काम करते, वर पंखा आहे. अहो कसली खुर्ची! शिडीवर चढायचं, छताच्या फळ्या सरकवून उंदरांनी कुरतडलेली वायर शोधायची, जाळी-जळमटं केसांत घेऊन उतरायचं. प्रत्येक वायरीच्या टोकाला नाव चिकटवायचं. कोणता कॉम्प्युटर कोणत्या भोकात जोडलाय ते पाठ ठेवायचं. प्रिंटर कागद गिळतो, कॅमेरा दिसत नाही, डॉक्टरसाहेबांचा वायफाय हळू चालतो, सगळ्याला आचल. पिपरी मेघेतल्या खोलीवर डबा उघडला की फोन वाजलाच म्हणून समजा.

नोंदणीच्या खिडकीवर शोभाबाई बसायच्या. मनाने वाईट नव्हत्या, पण टेबलाखालचा प्लग काढून स्वतःचा मोबाइल चार्जिंगला लावायची त्यांना खोड. मग त्यांचाच कॉम्प्युटर बंद पडायचा आणि त्या गळा काढायच्या, "अवो नेटवाली! तुयं नेट गेलं पाह्य! लोकं जीव खाऊन राह्यले माह्या!"

आचल वाकून प्लग परत लावायची आणि म्हणायची, "झालं मावशी."

"काय झालतं?"

"काई नाई, लूज होतं."

एकदाही खरं सांगितलं नाही तिने. मला राग यायचा. इतकं पडतं घेऊ नये माणसाने. तुम्हा माणसांची रीतच न्यारी: चालू आहे तोवर नेट देवाचं, आणि बंद पडलं की आचलचं. ते चालू राहावं म्हणून कोण शिडीवर चढलं, ते कोणी बघत नाही.

जिन्याखाली एक लहान खोली होती. तिथे लोखंडी जाळीचं कपाट, त्याला रॅक म्हणायचे. त्यात एक चपटं डबडं, दवाखान्यातल्या सगळ्या वायरी त्यात येऊन मिळायच्या आणि वायर तितके हिरवे दिवे लुकलुकायचे. त्याचं नाव स्विच. ते चाललं तर दवाखाना चालला. प्रेमदास सरांनी पहिल्याच दिवशी कपाटाची चावी आचलच्या हातात ठेवली आणि सांगितलं, "चावी तुयाजवळ हाय, म्हणजे जबाबदारी तुई. आतमंदी माशी गेली तरी मी तुले विचारन." माणूस तोंडाचा फाटका, पण काम ओळखायचा. पावसाळा उलटल्यावर एकदा त्यांनी रॅक उघडून पाहिला. वायरी वेणी घातल्यासारख्या बांधलेल्या, प्रत्येकीला नाव. मान हलवून म्हणाले, "दसरा होऊ दे. तुयं पक्कं करून टाकतो."

त्या दिवशी आचलने मला खिशात घातलं आणि खोलीपर्यंत जवळजवळ पळत गेली. घरी फोन लावला. पलीकडून पुंडलिकरावाचा आवाज आला, "देवानं ऐकलं माय!" मग नुसता नाक ओढल्याचा आवाज. रडत असावा.

आता ऐका पुढचं. मला सांगवत नाही, पण ऐका.

खंडेनवमीचा दिवस. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवशी औजारांची पूजा. दवाखान्यातही होती. अॅम्ब्युलन्सला हार, लिफ्टला हार, एक्स-रेच्या खोलीच्या दाराला आंब्याची पानं, शोभाबाईंच्या कीबोर्डवर कुंकवाचं बोट. रॅकला मात्र कोणी हात लावायचा नाही, असं आचलने सकाळीच बजावून ठेवलं होतं. "इथं हार नको. आत पाणी नको, कुंकू नको." लोक हसले, पण ऐकलं त्यांनी.

आणि तेवढ्यात पुंडलिकराव आला. झेंडू विकायला पहाटेच वर्ध्याला आलेला. माल चांगला गेला होता. थोडी फुलं, एक नारळ आणि हळदी-कुंकवाच्या पुड्या पिशवीत घालून तो लेकीचं ऑफिस पाहायला आला, आयुष्यात पहिल्यांदा. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. आचलने त्याला जिन्याखालच्या खोलीत नेलं, रॅक उघडून दाखवला.

"हे सगळं तू चालवते?"

"हो बाबा. हे एक बंद पडलं का सगळा दवाखाना बंद."

त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहावं असं वाटलं मला. इतका सुखी माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

वरच्या मजल्यावरून फोन आला, औषधाच्या दुकानातला प्रिंटर अडला म्हणून. आचल निघाली. कपाट उघडंच होतं. कुलूप लावावं म्हणून तिने चावी काढलीही, पण आपला बाप बसलेला असताना त्याच्या समोर कुलूप काय लावायचं? तो काय परका आहे? तिने चावी परत गळ्यात टाकली. मला स्टुलावर ठेवलं. "बाबा, इथंच बसजा. कोणालेच हात लावू देऊ नका याले." आणि ती गेली.

पुंडलिकराव बसला. दारातून बाहेर बघत होता. अॅम्ब्युलन्सचा हार, लिफ्टचा हार. मग त्याने रॅककडे पाहिलं. आणि स्वतःशीच बोलायला लागला. "सगळ्याइच्या मशीनीले हार, अन् माह्या पोरीच्या मशीनीले एक फूल नाई! लोकं काय म्हणतीन? नवी हाय म्हणून इसरले असतीन तिले."

तो उठला. मी मनात म्हटलं, बाप्पा, बस खाली. बस ना रे! पण पकडीचं कोण ऐकतं?

घरी तो मोटारपंपाची पूजा करतो, फवारणीच्या पंपाची करतो, कुदळ-विळ्याची करतो. हळद, कुंकू, फूल, मग नारळ फोडून त्याचं पाणी सगळ्यांवर शिंपडायचं. त्याच्या बापानेही असंच केलं. त्याला दुसरं काय माहीत असणार? त्याने आधी मला कुंकू लावलं, माझ्या जबड्यात झेंडूचं फूल खोचलं. रॅकसमोरच्या फरशीवर नारळ आपटला. बोटांनी पाणी शिंपडलं. आणि करवंटीत उरलेलं होतं, ते वाया कशाला घालवायचं म्हणून, पिंडीवर धार धरावी तसं, डोळे मिटून, त्या चपट्या डबड्यावर ओतलं. त्याच्या वरच्या बाजूला गरम हवा जायला बारीक भोकं असतात. पाणी सगळं आत.

हिरवे दिवे एकदम सगळे पेटले. मग विझले.

पुंडलिकरावाने हात जोडले. "झोपली वाटते माय," तो हळूच म्हणाला. "थकली असन." आणि करवंट्या गोळा करून पिशवीत भरल्या.

कुंपणानेच शेत खाल्लं, असं म्हणतात. पण या कुंपणाच्या मनात पाप नव्हतं हो. पाप असतं तर मला एवढं लागलं नसतं.

बसची वेळ झाली होती. दार ओढून घेताना जिन्यावरून येणारी आचल त्याला भेटली. दाराआडून मी ऐकलं.

"पोरी, येतो वो मी. बस चुकन."

"कोणी हात नाई लावला ना बाबा?"

"मी बसलो असताना कोण लावन?"

ती आत आली. झेंडू पाहिला, कुंकू पाहिलं, पाण्याचे ओघळ पाहिले. ओरडली नाही. ओढणी काढली आणि पुसायला लागली. डबडं उघडलं, पुसलं, फुंकलं, पंख्याखाली धरलं. पुन्हा जोडलं, पुन्हा काढलं. एकही दिवा लागला नाही. बाहेर तोवर हलकल्लोळ. रक्ताचे रिपोर्ट वरच्या डॉक्टरांपर्यंत जाईनात, बिलं निघेनात, औषधं मिळेनात. एक म्हातारी रिपोर्टची वाट बघत बाकड्यावर आडवी झालेली. शोभाबाई दार ठोठावत होत्या, "अवो, वाट लावली तू आमची! सणासुदीचं काय करून राह्यली आतमंदी?"

त्यातच आचलचा फोन वाजला. पुंडलिकराव बसमधून बोलत होता. इंजिनाच्या खडखडाटात तो मोठ्याने सांगत होता, "पोरी, तुले सांगाचं राह्यलं! तुया मशीनीची पूजा केली म्या, बराबर नारळ फोडून. तू कोणालेच हात लावू देऊ नका म्हणलं होतं, पण पूजेले नाई म्हणू नये. आता तुयं पक्कं झालंच समज!"

आचलने डोळे मिटले. ओली ओढणी हातात गच्च धरलेली. म्हणाली, "हो बाबा. बरं केलं."

यालाच तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात.

प्रेमदास सर आले. डबडं हातात घेऊन तिरकं केलं तर पाणी टपकलं. वास घेतला त्यांनी.

"नारळाचं पाणी? कोणं केलं हे?"

माझा जीव कासावीस झाला. सांग ना पोरी! खरं सांग. एक म्हातारा, अडाणी, भोळा बाप होता म्हण. रागावतील, पण कदाचित समजून घेतील. पण मग त्याला फोन जाणार. तो हात जोडत, टोपी काढून, दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभा राहणार, सगळ्यांसमोर. आपल्याच हाताने लेकीचं वाटोळं केलं हे त्याला कळणार. आचलच्या डोळ्यांत हे सगळं मला दिसत होतं.

"मी केलं, सर," ती म्हणाली.

"तू?"

"खंडेनवमी होय ना. पूजा केली."

सर तिच्याकडे बघतच राहिले. रागापेक्षा त्यांना धक्काच जास्त बसला होता. "कोणी खेड्यातल्या माणसानं केलं असतं तं समजून घेतलं असतं मी. तू तं शिकलेली होय ना वो? तू? विजेच्या मशीनीवर पाणी? सगळ्याइले मनाई करून स्वतः?"

ती वाकून ओल्या ओढणीने फरशी पुसत राहिली. मान वर केली नाही.

नवीन स्विच नागपूरहून आला तोवर दिवस मावळला. दवाखान्याच्या मालकाने एजन्सीला नको नको ते ऐकवलं. प्रेमदास सरांनी आचलकडून चावी मागून घेतली. "माह्यासारख्यानं तुले ठेवलं तं लोकं मले येड्यात काढतीन," एवढंच म्हणाले. मला तिच्या हातात दिलं, कारण मी तिच्या घरची होते. पिपरीच्या खोलीतलं सामान एका पिशवीत मावलं.

समुद्रपूरच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. रडेल असं वाटलं होतं मला. रडली नाही. मला हातात धरून बसली आणि रस्ताभर माझ्या जबड्यातलं कुंकू नखाने खरवडत राहिली.

घरी गोपिकाबाईने विचारलं, "काऊन काढलं वो? काय केलं तू?"

"माह्यानं नाई जमलं, आई."

पुंडलिकराव ओसरीवर मटकन खाली बसला. "म्या तं पूजा केलती," तो म्हणाला. त्याला खरंच काही कळत नव्हतं. "एवढी मनापासून केलती. देवाच्या मनात काय होतं मंग?" मग उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे पोरी. शहराचं काम होय ते. सगळ्याइले थोडी जमते."

शिवी घातली असती तर परवडली असती. हा मायेचा हात तिने कसा सोसला, मला माहीत नाही. ती फक्त म्हणाली, "हो बाबा."

मामाच्या स्थळाला होकार गेला. मुलाकडचे येऊन बघून गेले. पोरगी शिकलेली आहे पण गरीब आहे, कामाची आहे, असं म्हणाले म्हणे. लग्न उन्हाळ्यात आहे.

आणि मी? मी कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, विळ्याशेजारी खिळ्याला लटकते. टमाट्याच्या झाडांना आधार द्यायला काठ्या रोवतात, त्यांची तार माझ्याने पिळतात. गोपिकाबाई सुतळी कापते. जबड्यात माती बसली आहे, स्प्रिंग ढिली झाली आहे. ज्या दातांनी आठ बारीक तारा अचूक दाबल्या, त्यांनी आता जाड तार चावायची. चालायचंच. मला माझं दुःख फारसं नाही.

परवाची गोष्ट सांगते आणि संपवते. ग्रामपंचायतीचा शिपाई तानबा सकाळी धापा टाकत आला. "आचल, चाल ना वो! पंचायतीचं नेट बंद पडून राह्यलं. उंदरानं वायर कुरतडली. दाखल्यासाठी लोकं बसले हायेत, पोरांच्या फॉर्माची शेवटची तारीख हाय. तू तं शिकली ना त्यातलं? एक डाव पाह्य."

आचल वांगी तोडत होती. तिचा हात थांबला. मान उचलून तिने कोठ्याकडे, माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, जबड्यातली माती झटकून टाकावीशी वाटली मला. काय लागतं हो त्याला? कुरतडलेला तुकडा कापायचा, आठ तारा सरळ करायच्या, टोपी, कट्ट. तिच्या पेटीत टोप्या अजून आहेत. मला माहीत आहे, लुगड्याच्या घडीखाली आहेत.

ती उठली. परडी खाली ठेवली. दोन पावलं आली.

तेवढ्यात पुंडलिकराव वाफ्यातून घाईघाईने उठला. तिला लाज वाटू नये, चारचौघांत तिचं हसू होऊ नये, म्हणून अगदी जिव्हाळ्याने, हलक्या आवाजात तो तानबाला म्हणाला, "राहू द्या ना तानबा. कायले तिले आठवण देता? तिले नाई येत ते. आलं असतं तं काढलं असतं काऊन?"

आचल जागीच उभी राहिली. बापाकडे पाहिलं. तेव्हाच सगळं सांगता आलं असतं तिला. एकच वाक्य पुरलं असतं.

"हो तानबाकाका," ती म्हणाली. "मले नाई येत त्यातलं काई."

आणि परडी उचलून पुढच्या सरीत गेली.

माझं एकच मागणं आहे. समुद्रपूरच्या बाजारात कधी वांगी घ्यायला आलात आणि टोपी घातलेला एक म्हातारा भेटला, लेकीला शहराचं काम जमलं नाही म्हणून हळहळणारा, तर त्याची वांगी घ्या, चांगली असतात. पण मी सांगितलेलं त्याला सांगू नका. पोरीने आपलं सगळं दिलंय त्यासाठी.